डॉ. नारायण भास्कर खरे

लोकसभेत ग्वाल्हेरचे प्रतिनिधित्व कोणी कोणी केले, असे विचारल्यास आपल्याकडील वडीलधारी माणसे चारदोन नावे सहज सांगतात. पण त्या नामावळीच्या अगदी आरंभीचे एक नाव आता विस्मृतीत जात चालले आहे. ते नाव डॉ. नारायण भास्कर खरे यांचे. जन्माने ते कोकणचे, शिक्षणाने जबलपूर-लाहोरचे आणि कर्मभूमीने नागपूरचे. 1952 साली दाल बाजारापासून मुरारपर्यंतच्या मतदारांनी ज्यांना दिल्लीस पाठविले, ते हे गृहस्थ त्यापूर्वी चौदा वर्षे संपूर्ण हिंदुस्थानात गाजलेल्या एका वादाचे नायक होते. काहींच्या मते खलनायक होते. प्रांतात सत्तेवर असलेल्या पक्षाने आपला नेता कसा निवडावा, आणि एकदा निवडलेला नेता कोणाला बांधलेला असतो, असा तो वाद होता. डॉक्टरांच्या चरित्रातील बाकीच्या अनेक गोष्टी या एका वादाच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या आहेत.

डॉक्टरांचा जन्म 1884 साली कुलाबा जिल्ह्यातील पनवेल येथे झाला. जबलपूरच्या सरकारी महाविद्यालयातून पुढे ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी लाहोरला गेले. त्या काळी मराठी मुलाने एवढ्या दूर पंजाबात जाऊन शिकणे ही साधी गोष्ट नव्हती. 1913 साली त्यांनी पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही पदवी संपादन केली. त्या विद्यापीठाचे ते पहिलेच एम. डी. होत. काही वर्षे मध्यप्रांताच्या वैद्यकीय खात्यात नोकरी केल्यावर 1916 साली त्यांनी ती सोडली आणि नागपुरास आपला दवाखाना थाटला. सरकारी नोकरीतील निश्चिंतता त्यांच्या स्वभावाला मानवण्यासारखी नव्हतीच. हा मनुष्य बुद्धीने तल्लख, वाणीने तिखट आणि वरिष्ठाच्या आज्ञेपुढे मान तुकविण्यास मुळीच तयार नसलेला असा होता. या तीन गुणांनी त्यांना वर चढविले आणि त्याच तिन्हींनी खाली आणले.

त्या वेळचे नागपूर म्हणजे राजकारणाने तापलेले शहर. 1920 साली काँग्रेसचे प्रसिद्ध अधिवेशन तेथेच भरले आणि असहकाराचा ठराव तेथेच कायम झाला. डॉक्टर काँग्रेसच्या कार्यात पडले, 1923 च्या निवडणुकीत प्रांतिक कायदेमंडळात गेले, आणि 1926 साली त्यांनी ‘तरुण भारत’ हे पत्र सुरू केले. हेच नाव पुढे 1944 पासून ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली घरोघर पोहोचले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. 1935 साली डॉक्टर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. तेथून त्यांना परत नागपुरास ओढून आणले ते 1937 च्या निवडणुकांनी.

येथे त्या काळच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचा सारा प्रकार विद्यार्थ्यांना कोड्यासारखा वाटेल. 1935 च्या कायद्याने हिंदुस्थानातील अकरा प्रांतांना स्वायत्तता मिळाली. लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळात ज्या पक्षाचे बहुमत असेल त्याच्या नेत्याला गव्हर्नराने बोलवावे, आणि त्या नेत्याने मुख्य प्रधान होऊन आपले सहकारी निवडावेत, अशी रीत ठरली. कायद्याच्या भाषेत मात्र प्रधान नेमण्याचा व काढण्याचा अधिकार गव्हर्नराच्याच हाती होता. म्हणून निवडणुका जिंकूनही काँग्रेसने चार महिने अधिकार स्वीकारला नाही. गव्हर्नर आपले खास अधिकार ऊठसूट वापरणार नाहीत, असा भरवसा व्हाइसरॉयकडून मिळाल्यावरच जुलै 1937 मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे कामास लागली. या मंत्रिमंडळांवर देखरेख ठेवण्यासाठी सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रबाबू यांची एक उपसमिती नेमण्यात आली होती. तिला लोक पार्लमेंटरी बोर्ड म्हणत. म्हणजे मुख्य प्रधानाच्या डोक्यावर दोन छत्रे होती, एक गव्हर्नराचे आणि दुसरे बोर्डाचे. शिवाय त्याला निवडणारे आमदार होते ते वेगळेच.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या 112 सभासदांच्या विधानसभेत काँग्रेसचे 70 सभासद निवडून आले होते. बहुमत स्वच्छ होते. पण हा प्रांतच मुळी इंग्रजांनी आपल्या सोयीने शिवलेली गोधडी होता. उत्तरेस व पूर्वेस हिंदी बोलणारे महाकोसलचे जिल्हे, मध्यभागी मराठी नागपूर विभाग आणि पश्चिमेस निजामाकडून कायम पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड. काँग्रेसनेही भाषेप्रमाणे या एका प्रांतात महाकोसल, नागपूर आणि विदर्भ अशा तीन प्रांतिक समित्या केल्या होत्या. आमदारांत हिंदी भाग वरचढ होता, राजधानी मात्र मराठी मुलुखात होती. अशा पक्षाने नेता म्हणून डॉ. खरे यांना निवडले.

मंत्रिमंडळात महाकोसलचे पंडित रविशंकर शुक्ल, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता होते. मराठी भागाचे रामराव देशमुख व पुरुषोत्तम बळवंत गोळे होते. आणि कायदेखात्याचे मंत्री महंमद युसूफ शरीफ होते. शुक्लजींकडे शिक्षणखाते होते. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालावी अशी ‘विद्यामंदिर’ योजना त्यांनी काढली. आज ती कोणाला आठवत नाही. पण शाळेच्या वार्षिकात तिचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. एका वर्षात या मंत्रिमंडळाकडून आणखीही काही भरीव काम झाले असते, जर मंत्री एकमेकांशी बोलत राहिले असते.

ते बोलणे हळूहळू बंद पडले. महाकोसलचे मंत्री आपल्याला विचारीत नाहीत, असे मुख्य प्रधानांना वाटे. मुख्य प्रधान आपला मराठी गट पोसतात, असे महाकोसलच्या मंत्र्यांना वाटे. त्यातच 1938 च्या आरंभी शरीफ यांचे प्रकरण उद्भवले. एका घोर गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या सुशिक्षित कैद्याला त्यांनी मुदतीपूर्वी सोडून दिले आणि प्रांतभर संताप उसळला. काँग्रेसने कलकत्ता हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे हे प्रकरण विचारासाठी सोपविले, आणि शेवटी शरीफ यांना पद सोडावे लागले. मंत्रिमंडळाची अब्रू तर गेलीच, पण त्याहूनही एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. मंत्री ठेवायचा की काढायचा याचा निकाल नागपुरात होत नव्हता.

मे महिन्यात उन्हाळी राजधानी पचमढी येथे सरदार पटेलांच्या समक्ष तडजोड झाली. सर्वांनी मागचे विसरून एकदिलाने कारभार करावा असे ठरले. परंतु वरून घडवून आणलेल्या दिलजमाईची जी गत होते तीच हिचीही झाली. जुलै उजाडेपर्यंत डॉक्टरांची खात्री झाली होती की, हे तीन सहकारी बदलल्याशिवाय आपल्याला मुख्य प्रधान म्हणून राहण्यात अर्थ नाही.

आता जो प्रसंग सांगावयाचा तो अवघ्या आठ-नऊ दिवसांचा आहे. 23 जुलै 1938 रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीची बैठक व्हावयाची होती. तेथे सर्व तक्रारी मांडता आल्या असत्या. पण डॉक्टर थांबले नाहीत. 20 जुलैस त्यांनी आपला राजीनामा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे दिला आणि सहकाऱ्यांनाही राजीनामे देण्यास सांगितले. संसदीय रीतीप्रमाणे मुख्य प्रधान गेला की मंत्रिमंडळ जाते. नव्याने बोलावणे आले की तोच मनुष्य आपल्या पसंतीचे मंत्रिमंडळ बनवू शकतो. डॉक्टरांचा डाव हा असा होता आणि पुस्तकी नियमाने तो बरोबर होता. गोळे व देशमुख यांनी लगेच राजीनामे दिले. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी नकार दिला. बोर्डाच्या अनुमतीवाचून आम्ही जागा सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती रात्र नागपुरात धावपळीत गेली. अखेर पहाटेच्या सुमारास गव्हर्नराने आपला कायदेशीर अधिकार वापरून त्या तिघांना बडतर्फ केले, आणि 21 जुलैस डॉ. खरे यांचे दुसरे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाले.

या नव्या मंत्रिमंडळात ठाकूर प्यारेलालसिंह आणि अस्पृश्य समाजातील अग्निभोज यांचा समावेश होता. अग्निभोज यांची ही निवड त्या काळी फार मोठी गोष्ट होती. हा मंत्री नेमल्याबद्दलही आपल्याला श्रेष्ठींकडून दोष देण्यात आला, असे डॉक्टर पुढे सांगत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या आपल्या 1945 च्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे. गांधीपक्षाला हा आरोप मान्य नव्हता. खरे काय ते कोणी काहीही म्हणो, त्या मंत्रिमंडळातील सर्वांत चांगली नेमणूक सर्वांत अल्पायुषी ठरली, एवढे मात्र निश्चित.

कारण दोनच दिवसांत सारा खेळ उलटला. देशभर एकच हलकल्लोळ झाला. ज्या गव्हर्नराच्या अधिकारांना काँग्रेस चार महिने अडून बसली होती, त्याच अधिकाराचा आसरा काँग्रेसच्याच मुख्य प्रधानाने घेतला होता, आणि तोही आपल्याच पक्षाच्या तीन मंत्र्यांविरुद्ध. डॉक्टरांच्या चाहत्यांनाही या मुद्द्याचे उत्तर देताना अडखळावे लागे. बोर्डाने त्यांना वर्ध्यास बोलावून घेतले, त्यांची कानउघाडणी केली, आणि तेथूनच डॉक्टरांनी गव्हर्नरास आपला राजीनामा कळविला. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. डॉक्टर सेवाग्रामला गांधीजींकडेही जाऊन आले. आपली चूक झाली असे एक निवेदन डॉक्टरांनी काढावे आणि नेतेपदाच्या निवडणुकीतून बाजूला व्हावे, असा प्रयत्न तेथे झाला. मसुदा तयार झाला, त्यात दुरुस्त्या झाल्या; पण डॉक्टरांनी त्यावर सही केली नाही. त्यांच्या आयुष्यातील अत्यंत महत्त्वाचा नकार हाच होय. सही केली असती तर दोन-चार वर्षांत त्यांना पुन्हा मानाचे पद मिळाले असते, यात शंका नाही; त्या काळच्या काँग्रेसमध्ये पश्चात्तापाला मोठी किंमत होती.

कार्यकारिणीने मग ठराव केला. डॉ. खरे यांनी गंभीर चुका केल्या, शिस्तभंग केला, आणि काँग्रेस संघटनेत जबाबदारीच्या जागा धारण करण्यास ते अपात्र आहेत, असा त्याचा आशय होता. गव्हर्नरालाही त्याच ठरावात दोष देण्यात आला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 27 जुलैस, वर्ध्यास विधानसभेतील काँग्रेस पक्षाची बैठक सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली भरली आणि पक्षाने पंडित रविशंकर शुक्ल यांना नवा नेता निवडले. 29 जुलैस शुक्लजी मुख्य प्रधान झाले. मिश्र आणि मेहता पुन्हा मंत्री झाले.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून पाहावे. कागदावर पाहिले तर सर्व काही नियमाने झाले. पक्षाची बैठक झाली, आमदारांनी मत दिले, बहुमताने नेता ठरला. पण ज्या आमदारांनी एक वर्षापूर्वी खरे यांना निवडले होते, त्यांच्यासमोर आता खरे उमेदवार म्हणून उभेच राहू शकत नव्हते. बैठक प्रांताच्या राजधानीत न भरता कार्यकारिणी जेथे बसली होती त्या गावी भरली होती. मग निवड आमदारांनी केली की कार्यकारिणीने?

गांधीजींनी त्याच ऑगस्टमध्ये ‘हरिजन’मध्ये या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, काँग्रेस ही आपल्या अंतर्गत व्यवहारात लोकशाही संस्था असली, तरी परकीय सत्तेशी चाललेल्या लढ्यात ती एक सैन्य आहे. मंत्रिपदे हा लढ्याचाच एक मोर्चा असून, मोर्चावरील सेनानीने मुख्य ठाण्याचा हुकूम मानलाच पाहिजे. मतदारांनी मते काँग्रेसला दिली होती, डॉ. खरे या व्यक्तीला दिली नव्हती. डॉक्टरांची बाजू याच्या अगदी उलट होती. मला माझ्या पक्षाच्या आमदारांनी निवडले, त्या आमदारांना लोकांनी निवडले. सहकारी नेमण्याचा व बदलण्याचा अधिकार जगातील प्रत्येक मुख्य प्रधानाला असतो, तो मला नाकारणारे बोर्ड कोणी निवडले, असा त्यांचा सवाल होता. ही बाजू त्यांनी इंग्रजीत एक पुस्तिका काढून लोकांपुढे मांडली. पुढे पक्षाने त्यांना दोन वर्षांकरिता काँग्रेसच्या सभासदत्वासच अपात्र ठरविले.

प्रस्तुत लेखकास असे वाटते की, डॉक्टरांचा प्रश्न योग्य होता. पण तो विचारण्यासाठी त्यांनी जी रात्र निवडली आणि ज्याचा हात धरला, त्यामुळे त्या प्रश्नाचे तेज गेले. तीन दिवस थांबून कार्यकारिणीसमोर त्यांनी उघडपणे हेच म्हटले असते आणि नंतर आपल्या आमदारांकडे कौल मागितला असता, तर कदाचित ते हरलेही असते; परंतु परकीय गव्हर्नराच्या पहाटेच्या हुकमाचा डाग त्यांच्यावर पडला नसता. दुसऱ्या पक्षाचीही गोष्ट तीच. लढा चालू असताना सैन्याची उपमा शोभली. लढा संपल्यावर ही उपमा बाजूला ठेवण्याचे मात्र पुष्कळांना सुचले नाही.

मराठी मुलुखात या घटनेचे दुःख निराळ्याच कारणाने झाले. आदल्याच वर्षी मुंबईत वीर नरीमन यांना डावलून बाळासाहेब खेर नेते झाले होते आणि त्यामागे सरदार पटेलांचा हात असल्याचा आरोप झाला होता. महात्माजी व बॅरिस्टर बहादुरजी यांच्या चौकशीत तो आरोप टिकला नाही, तरी लोकांच्या मनातला सल गेला नव्हता. त्यावर हे खरे-प्रकरण आले. मराठी माणसाला वर येऊ देत नाहीत, ही भावना नागपूर-वऱ्हाडात बळावली. 1 ऑक्टोबर 1938 रोजी रामराव देशमुखांनी मांडलेला वेगळ्या विदर्भाचा ठराव त्याच नागपूरच्या विधानसभेने संमत केला. वऱ्हाडचे मागणे जुने होते हे खरे, पण जुलैच्या जखमा ऑक्टोबरात ओल्या होत्या हेही खरे.

काँग्रेसबाहेर पडलेले डॉक्टर स्वस्थ बसणारे नव्हते. 1943 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. काँग्रेसचे सारे पुढारी तुरुंगात असताना ही जागा स्वीकारणे अनेकांना मुळीच आवडले नाही, आणि तो आक्षेप बिनतोड आहे. पण तेथे त्यांनी केलेल्या एका कामाची नोंद न करणे अन्यायाचे होईल. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांच्या जमीनखरेदीवर बंधने घालणारे कायदे होत होते. 1944 च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानने परस्परन्यायाच्या कायद्याखाली येथे असलेल्या दक्षिण आफ्रिकनांवर तशीच बंधने घातली; मार्च 1946 मध्ये त्या देशाशी असलेला व्यापारी करार संपविण्याची नोटीस दिली; आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला. ज्या भूमीत गांधीजींनी सत्याग्रहाचे पहिले धडे गिरविले, तेथील हिंदी लोकांची बाजू गांधीजींनी ज्यांना दूर केले त्या खऱ्यांच्या खात्याने जगाच्या दरबारात मांडली, हा योगायोग नव्हे काय?

एप्रिल 1947 मध्ये ते अलवर संस्थानचे मुख्य प्रधान झाले. हे त्यांच्या चरित्रातील काळेकुट्ट पान आहे आणि ते उलटून पुढे जाता येत नाही. फाळणीच्या त्या वर्षी अलवर व भरतपूर संस्थानांत मेव मुसलमानांची भीषण हत्या झाली, हजारो कुटुंबे उठून गेली, आणि संस्थानी फौजेचा त्यात हात होता असे इतिहाससंशोधकांनी दाखविले आहे. राज्याचा कारभार ज्याच्या नावाने चालतो त्याच्यावर त्या राज्यात सांडलेल्या रक्ताची जबाबदारी येतेच. डॉक्टरांनी मात्र पुढेही आपल्या कारभाराचे समर्थनच केले. ज्या माणसाने अग्निभोजांना मंत्री केले, त्याच्या न्यायबुद्धीला येथे एवढी मोठी खीळ बसावी, याचे आश्चर्य वाटते आणि वाईटही. जानेवारी 1948 अखेर महात्माजींची हत्या झाल्यावर अलवरच्या महाराजांना व डॉक्टरांना दिल्लीत रोखून ठेवण्यात आले आणि त्यांचे पद गेले. कटाशी त्यांचा संबंध असल्याचे सिद्ध झाले नाही.

यानंतर ते हिंदु महासभेत शिरले आणि तिचे अध्यक्ष झाले. 1950 च्या मार्चअखेर दिल्लीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी दिल्लीतून हद्दपार केले. डॉक्टर सरळ सुप्रीम कोर्टात गेले. राज्यघटना अमलात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. देशभर फिरण्याचा व वास्तव्याचा नागरिकाचा हक्क किती, आणि सरकारला त्याला आळा किती घालता येतो, हा प्रश्न तेथे प्रथमच एवढ्या स्पष्टपणे उभा राहिला. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हुकूम कायम केला. मुखर्जी व महाजन या दोघांनी विरुद्ध मत दिले. डॉक्टर हरले, पण कायद्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही त्यांच्या नावाचा खटला वाचल्यावाचून पुढे जात नाही.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे येऊ. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिंदु महासभेचे सबंध देशात लोकसभेवर अवघे चार सभासद निवडून आले. त्यांतल्या ग्वाल्हेर व गुणा या दोन जागा विष्णु घनश्याम देशपांडे या एकाच गृहस्थांनी जिंकल्या होत्या. एका माणसाला दोन खुर्च्या ठेवता येत नाहीत; त्यांनी गुणा ठेवले, ग्वाल्हेर रिकामे केले, आणि 1952 च्या पोटनिवडणुकीत येथून डॉ. खरे निवडून आले. लष्करच्या मराठी वस्तीचे आणि नागपूरचे नाते तसे जुनेच, त्यामुळे ते येथे अगदीच परके नव्हते. लोकसभेत ते विरोधी बाकावर बसत, आणि विनोदाने व टोमण्यांनी समोरच्यांना घायाळ करीत.

त्यांची कारकीर्द संपत आली असतानाच 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. राज्यपुनर्रचनेने एकाच दिवशी दोन शहरांच्या राजधान्या गेल्या. नागपूर मुंबई राज्यात गेले. आणि मध्यभारताची हिवाळी राजधानी असलेले ग्वाल्हेर नव्या मध्यप्रदेशात विलीन झाले. राजधानी भोपाळ झाली. या नव्या मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री कोण? तर 1938 च्या जुलैत वर्ध्यास नेते म्हणून निवडले गेलेले पंडित रविशंकर शुक्ल! ज्यांनी खऱ्यांची जागा घेतली ते शुक्लजी अशा रीतीने खऱ्यांच्या मतदारसंघाचेही मुख्यमंत्री झाले. दोन महिन्यांतच, 31 डिसेंबरला, शुक्लजी निवर्तले. त्यांच्यामागे भगवंतराव मंडलोई यांनी काही दिवस काम पाहिले, आणि मग केंद्रात मंत्री असलेले डॉ. कैलासनाथ काटजू दिल्लीहून येऊन मुख्यमंत्री झाले.

1957 साली डॉक्टरांची लोकसभेतील मुदत संपली. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा एकदा सुप्रीम कोर्टाचे दार ठोठावले. हिमाचल प्रदेश व पंजाबातील काही मतदारसंघांत अजून मतदान व्हावयाचे असता राष्ट्रपतीची निवडणूक घेऊ नये, निवडणाऱ्यांची यादीच पुरी झालेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने ते त्या वेळी ऐकून घेण्यास नकार दिला. सत्तरी ओलांडल्यावरही निवड कोणी करावयाची, हाच प्रश्न ते विचारीत होते. 1959 साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात 1938 च्या जुलैतील प्रत्येक दिवसाचा हिशेब त्यांनी मांडला आहे आणि एकाही प्रतिपक्ष्याला क्षमा केलेली नाही.

1967 च्या जुलैअखेर मध्यप्रदेशात एक विलक्षण घटना घडली. त्या वेळी मुख्यमंत्री होते द्वारकाप्रसाद मिश्र, एकोणतीस वर्षांपूर्वी नागपुरात पहाटे बडतर्फ झालेले तेच मिश्र. काँग्रेसचे छत्तीस आमदार पक्ष सोडून विरोधी बाकांवर जाऊन बसले आणि त्यांचे सरकार कोसळले. या संयुक्त विधायक दलाच्या नेत्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे होत्या. त्यांनी मुख्यमंत्रिपद स्वतः घेतले नाही, ते गोविंद नारायण सिंह यांना मिळाले. कोणत्याही बोर्डाची अनुमती न घेता आमदारांनी आपला नेता बदलला होता. डॉक्टर तेव्हा हयात होते, ऐंशी वर्षांच्या पुढे गेलेले होते. 1970 साली ते वारले.